नातीचा बाप्तिस्मा

(रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका मावशीच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. आमच्या गटात अकरा जणी. त्यातल्या दोन ख्रिस्ती घरातल्या, बाकीच्या मराठा, बौद्ध, धनगर आणि एक मुस्लिम. आठ वर्षं आम्ही दर आठवड्याला एका सतरंजीवर बसतो, बचत गोळा करतो, हप्ते मोजतो. तरी मावशींनी आमंत्रण दिलं तेव्हा अर्ध्या बायकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ताई, तिथं असतं काय? आपल्याला चालतं का जायला? घेऊन काय जायचं?" म्हणून आज हाच विषय घेते. बाप्तिस्मा म्हणजे काय, त्या दिवशी काय काय होतं, खर्च किती करावा आणि बाळाची काळजी कशी घ्यावी. बारसं असो, अकीका असो की नामकरण, यातल्या बऱ्याच गोष्टी प्रत्येक घराला लागू पडतात.

पण आधी माझी एक चूक सांगते.

बैठकीत काय झालं

मावशींनी बैठकीत कर्ज मागितलं, तीस हजार. मी हिशेबाची वही उघडून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "मावशी, या वेळी जरा थोडक्यात आवरा ना." मला वाटलं मी काळजीनं बोलले. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, नातवाच्या वेळी तुम्ही असं नाही म्हणालात. मांडवात जेवून गेलात."

खरंच होतं ते. चार वर्षांपूर्वी नातवाच्या बाप्तिस्म्याला मोठा मांडव होता, डीजे होता, चारशे माणसांचं मटण होतं. त्यासाठी मावशींनी बाहेरून साठ हजारांचं कर्ज काढलं आणि दोन वर्षं दर आठवड्याला हप्ता भरला. हप्त्याच्या दिवशी त्या शेतातून लवकर निघून यायच्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच मी "थोडक्यात" म्हणाले. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते असं लागलं की मुलगी आहे, म्हणून थोडक्यात.

मावशींची अडचण पुढं त्यांनीच उलगडून सांगितली. "मला पण पुन्हा कर्जात जायचं नाही. पण कमी केलं तर भावकी म्हणणार, मुलगी झाली म्हणून म्हातारीनं हात आखडला. उद्या पोरगी मोठी झाल्यावर फोटो बघंल. भावाचा मांडव बघंल आणि स्वतःचं काय बघंल?"

यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. ती बैठक दोन तास चालली. मग एकीनं विचारलं, "मावशी, बाप्तिस्म्यात मुलगा-मुलगी असा फरक असतो का?" मावशी म्हणाल्या, "अजिबात नाही. पाणी तेच, शब्द तेच, रजिस्टर तेच." तिथून वाट सापडली. मूळ संस्कारात जे आहे ते नातवाला झालं तसंच नातीला पूर्ण करायचं. आणि जे मांडववाल्यानं, डीजेवाल्यानं वाढवलंय ते काढून टाकायचं. नातवाच्या वेळचंही ते चुकलंच होतं, असं मावशींनी भावकीत उघड सांगायचं. मावशींनी तसं सांगितलंही.

बाप्तिस्मा म्हणजे काय

येशू ख्रिस्तानं यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, अशी कथा बायबलमध्ये आहे. त्यावरून पाण्यानं हा संस्कार करण्याची रीत आली. ख्रिस्ती मंडळीत सामील होण्याचा हा पहिला संस्कार. तो आयुष्यात एकदाच होतो. आपल्याकडे त्याला बाप्तिस्मा म्हणतात, कॅथलिक लोक स्नानसंस्कार असंही म्हणतात.

सगळ्या ख्रिस्ती लोकांची रीत मात्र एक नाही. कॅथलिक चर्चमध्ये लहान बाळाचा बाप्तिस्मा करतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन तयार झाली. तिथं दोन्ही रिती मान्य आहेत. आईबापांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करतात, नाहीतर बाळाचं फक्त समर्पण करतात आणि ते मोठं झाल्यावर स्वतःच्या विश्वासानं बाप्तिस्मा घेतं. काही मंडळ्यांत फक्त मोठ्या माणसांचाच बाप्तिस्मा होतो आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. त्यामुळे एखाद्या ख्रिस्ती शेजारणीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून "अजून का नाही केला?" असं विचारायला जाऊ नका. त्यांच्या मंडळीची रीत तशी असेल.

बाप्तिस्मा वेगळा आणि बारसं वेगळं, हेही लक्षात घ्या. आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत बाराव्या दिवशी किंवा सोयीनं पाळणा बांधतात, बायका पाळणा म्हणतात, घुगऱ्या वाटतात. तो घरातला आनंद. बाप्तिस्मा मंडळीसमोर होतो.

त्या दिवशी काय होतं

मावशी कॅथलिक आहेत, म्हणून तिथं पाहिलेलं सांगते. बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. रविवारची सकाळ. चर्चच्या दारातच फादरांनी आईबापांना विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं?" मग बाळाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रुसाची खूण केली. त्यानंतर आईबापांनी आणि धर्ममाता-धर्मपित्यांनीही तशीच खूण केली.

धर्ममाता आणि धर्मपिता म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी माणसं. आईबापांना काही झालं किंवा ते कमी पडले, तर पोराला वळण लावायला, प्रार्थना शिकवायला ही माणसं बांधलेली असतात. कॅथलिक नियमाप्रमाणे एक जण असला तरी चालतो. दोघं असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. वय सर्वसाधारणपणे सोळा पूर्ण लागतं आणि स्वतःच्या आईबापांना हे काम करता येत नाही. ते कॅथलिक असावे लागतात. त्यामुळे आपल्यासारख्या दुसऱ्या धर्माच्या मैत्रिणीला धर्ममाता होता येत नाही, यात अपमान समजू नये.

मग वाचन आणि प्रार्थना झाली. बाळाच्या छातीवर पवित्र तेल लावलं. त्यानंतर बाळाला कुंडावर आडवं धरलं आणि फादरांनी डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. पोरगी दोनदा गप्प राहिली, तिसऱ्यांदा असा टाहो फोडला की सगळं चर्च हसलं. मग टाळूवर दुसरं सुगंधी तेल लावलं, अंगावर पांढरं वस्त्र घातलं आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून धर्मपित्याच्या हातात दिली. पांढरं वस्त्र म्हणजे नवं जीवन आणि मेणबत्ती म्हणजे उजेड. शेवटी रजिस्टरमध्ये नोंद झाली.

ते पांढरं झबलं मावशींनी तीस वर्षं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं. तेच बाळाच्या बापाच्या अंगावर होतं, भावाच्या अंगावर होतं आणि आता हिच्या. नवं घ्यायचं नाही हे मावशींनी आधीच ठरवलं होतं. भावकीतल्या एकीनं विचारलंच, "नवं नाही घेतलं?" मावशी म्हणाल्या, "भावाचं तेच हिचं. याच्यापेक्षा मोठं काय घेऊ?"

आपण पाहुण्या म्हणून गेलो तर

जायला कुणालाही हरकत नसते. चप्पल कुठं काढायची, डोक्यावर पदर घ्यायचा का, हे तिथल्या बायकांकडे बघून ठरवा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. मिस्सामध्ये शेवटी ख्रिस्तप्रसाद देतात, तो त्यांच्या मंडळीतल्या लोकांसाठीच असतो. त्या वेळी जागेवर शांत बसून राहायचं. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आमच्यातली कुणी गडबडली नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि पाणी ओतताना मोबाईल घेऊन पुढं घुसू नका.

भेट म्हणून अंगडं-टोपडं, दुपटं, दोन साबण, पाकिटात शंभर रुपये, काहीही चालतं. बाळाच्या आईला हळदीकुंकू लावायचं की नाही, असा प्रश्न आमच्यात निघाला. साधी गोष्ट आहे, तिलाच विचारायचं. कुणी लावून घेतं, कुणी नाही. मावशींच्या सुनेनं कुंकू नाही म्हटलं, पण आमच्या फुलांचा गजरा आनंदानं माळला.

एक जुनी आठवण

आज आपण दहा जाती-धर्माच्या बायका एका चर्चमध्ये बसलो, ही साधी गोष्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात बाप्तिस्मा म्हणजे घरच्यांपासून ताटातूट असायची. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मोठं वादळ उठलं. याच शेषाद्रींनी पुढं आपल्या शेजारच्या जालन्याला काम केलं आणि बेथेल नावाची वस्ती वसवली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई आणि त्यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी ते दुःख 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. गटाच्या वाचनालयात ते पुस्तक जरूर घ्या.

आणि पंडिता रमाबाई. आईवडील, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यासोबत लेक मनोरमाचाही झाला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला हातात घ्यायला ना आजी, ना मामा, ना आत्या. ही गोष्ट मी आमच्या बैठकीत सांगितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग मला माणसं जमवायचीच आहेत. मांडव नको, माणसं पाहिजेत."

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्या जुन्या आहेत. छावणीतलं चर्च असो की वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव, तिथं फ्रान्सहून आलेल्या फादर जाकियर यांचं नाव अजून घेतात. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. म्हणजे हे लोक आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी आहेत. फक्त त्यांच्या घरचा कार्यक्रम कसा असतो हे आपण कधी विचारलं नव्हतं.

खर्चाचा हिशेब

मावशींच्या परवानगीनं आकडे सांगते. बोलावलेली माणसं नव्वद. चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. किराणा आणि भाजीपाला ६,५०० रुपये, भांडी-सतरंज्यांचं भाडं १,२०० रुपये, लांबच्या पाहुण्यांसाठी टेम्पो १,५०० रुपये, केक आणि चर्चमधलं अर्पण मिळून १,३०० रुपये. एकूण १०,५०० रुपये. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि शिरा. पुऱ्या आम्ही अकरा जणींनी लाटल्या. आचारी नाही, मांडव नाही, डीजे नाही.

यातले २,५०० मावशींकडे होते. गटातून कर्ज घेतलं ८,००० रुपये, महिना एक टक्का व्याजानं. दर महिन्याला हजार रुपये मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात व्याज ८० रुपये, मग ७०, मग ६०, असं कमी होत आठ महिन्यांत एकूण व्याज ३६० रुपये. तेही आपल्याच गटात राहणार. नातवाच्या साठ हजारांच्या कर्जाशी याची तुलना तुम्हीच करा.

पाकिटातून जमले ५,३०० रुपये. ते मावशींनी खर्चात धरले नाहीत. ते कुठं गेले ते पुढं सांगते.

जन्मदाखला आधी

हा मुद्दा नीट ऐका, कारण इथं मावशींचं एकदा नुकसान झालंय. नातवाचं चर्चच्या रजिस्टरमध्ये एक नाव, जन्माच्या नोंदीत दुसरं आणि घरात हाक मारायचं तिसरं. अंगणवाडीतून शाळेत घालताना महिनाभर फेऱ्या माराव्या लागल्या.

पूर्वी जन्माची सरकारी नोंद सगळीकडे होत नव्हती तेव्हा चर्चच्या रजिस्टरचा पुरावा म्हणून उपयोग व्हायचा. आज बाप्तिस्म्याचा दाखला हा चर्चच्या कामाचा. लग्नाच्या वेळी चर्च तो मागतं, म्हणून जपून ठेवा. पण सरकारी कामाला जन्मदाखलाच लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, पासपोर्ट, नोकरी, या सगळ्यासाठी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखला हाच कागद धरला जातो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, पैसे लागत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क, परवानगी अशी कामं वाढत जातात. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं होते. गावात झालं तर ग्रामपंचायतीत. शहरात दवाखान्यात झालं असेल तर आपल्या ग्रामपंचायतीत शोधून उपयोग नाही, तिथल्या नोंदणी कार्यालयात जायचं. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. पण कशाला थांबायचं?

या वेळी आम्ही क्रम बदलला. आधी जन्मदाखल्यात नाव लिहून घेतलं, आईवडिलांच्या आधारशी एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि तोच कागद घेऊन सून फादरांकडे गेली. चर्चच्या रजिस्टरमध्ये तेच नाव, त्याच अक्षरांत. बारशाचं किंवा नामकरणाचं नाव ठेवणाऱ्या सगळ्यांनी हाच क्रम धरावा.

आता ते ५,३०० रुपये. जन्मदाखला हातात असल्यामुळे सुनेनं पोस्टात मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं काढलं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते काढता येतं, २५० रुपयांपासून सुरू होतं आणि वर्षाला किमान २५० भरावेच लागतात. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं. शिवाय १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्न वर्षाला एक लाखापर्यंत असलेल्या घरात मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार मिळतात. अपत्यांच्या संख्येच्या आणि इतर अटी आहेत, त्या अंगणवाडी ताईंना विचारा. अर्जही त्याच भरून घेतात.

बाळाला जपा

कार्यक्रम बाळाचा असतो आणि हाल बाळाचेच होतात. म्हणून चार गोष्टी पाळा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस चुकवू नका. कार्यक्रमाची तारीख लसीच्या दुसऱ्या दिवशी धरू नका, बाळाला ताप असू शकतो. थंडीत डोक्यावर ओतायचं पाणी कोमट ठेवायला आधीच सांगा. टॉवेल आणि कोरडं टोपरं हाताशी ठेवा.

बाळाला हातोहाती फिरवू नका, मुके घेऊ नका. सर्दी-खोकला असणाऱ्यानं लांबूनच आशीर्वाद द्यावा. सहा महिने फक्त आईचं दूध. केकची क्रीम, शिऱ्याचं बोट, घुट्टी, मध, काहीच चाटवायचं नाही. मध तर वर्ष होईपर्यंत नाहीच. डोळ्यांत काजळ नको. आईला दूध पाजायला आडोशाची जागा ठेवा आणि तिला पहिल्या पंगतीला जेवायला बसवा. बाळंतीण शेवटी जेवते, ही रीत आपण बायकांनीच मोडायची.

त्या दिवशी मावशींची सून पहिल्या पंगतीला बसली. तिला वाढायला मावशी स्वतः होत्या. पुऱ्यांची टोपली घेऊन मी मागे उभी होते. मावशी वळून म्हणाल्या, "ताई, झालं ना थोडक्यात?" मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं होतं." त्या म्हणाल्या, "चुकलं म्हणूनच झालं हे. आता तुम्ही पण बसा."

फोटो भरपूर काढलेत. त्यात मांडव नाही. पांढरं झबलं आहे, मेणबत्ती आहे आणि लिंबाखाली नव्वद माणसं आहेत. पोरगी मोठी झाली की बघेल.

तुमच्या गटात असा कार्यक्रम येत असेल, तर बैठकीत आधी हिशेब मांडा आणि बोलताना माझ्यासारखं वहीत तोंड घालून बोलू नका. पुढच्या वेळी अंतर्गत कर्जाच्या व्याजाबद्दल बोलू. तोवर नमस्कार, जय भीम, सलाम आणि जय ख्रिस्त.